सुटले की फोन करा

मला खुर्ची हवी होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर थोर हेतू लादायला नको. पुढाऱ्यांना हवी असते तसली नव्हे. चार पायांची, बुडाखाली घ्यायची साधी खुर्ची.

मासळी गोठवायच्या कारखान्यात बर्फाच्या टेबलाशी मी एकोणीस वर्षं उभी आहे. आठ तास उभं राहायचं, अर्धा तास डबा खायला बसायचं, आणि त्या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं गुडघ्यांची समजूत काढण्यात जातात. हॉलमध्ये आम्ही बाराजणी आणि खुर्ची एक. ती मुकादमाची, आणि मुकादम कायम पुरुष. का, म्हणून मी एकदा विचारलंही होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "बायकांना उभं राहायची सवय असते." जणू आम्ही जन्मताच उभ्या जन्मलो.

त्याच साहेबांनी त्या शुक्रवारी आम्हाला गोळा केलं. कंपनी स्कॅलॉप विकते ते हॉटेलांना. आता घरोघरीही विकायला काढले होते, दोन किलोची लादी करून. पण लादीवर छापलेलं असतं, 'एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये.' घरातली चार माणसं दोन किलो स्कॅलॉप एका बैठकीत खाणार कशी? म्हणून लोक लादी उचलून बघतात, वाचतात आणि परत ठेवतात.

स्कॅलॉप म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या घरीही तीनदा सांगावं लागलं. शिंपल्याच्या जातीतला, पंख्यासारख्या कवचाचा प्राणी. ती दोन कवचं उघडायला-मिटायला त्याच्या पोटात एक जाडजूड स्नायू असतो, गोल, पांढरा, मुळ्याच्या चकतीसारखा. तेवढाच खातात. म्हणजे जो जन्मभर दार उघडबंद करतो, नेमका त्यालाच कापायचा. आमच्या कारखान्याला शोभेल असंच जनावर आहे.

"तर," साहेब म्हणाले, "एक लादी घरी न्यायची. साध्या फ्रिजमध्ये सोडवायची, पाव-पाव किलोचे भाग करायचे, घरच्याच फ्रीजरमध्ये परत गोठवायचे. हा फॉर्म भरायचा. सोमवारी लॅबमध्ये आणायचं. त्यावरून पाकिटावरच्या नव्या सूचना छापू. आणि ज्याचं काम नीट, तो नव्या विभागाचा मुकादम."

मी हात वर केला. दुसरा हात टायवाल्याचा वर झाला. हा डिप्लोमा घेऊन आठ महिन्यांपूर्वी आलेला. प्लास्टिकच्या एप्रनखाली टाय लावतो. एकदा वाकून लादी तपासताना टाय लादीला चिकटला आणि आम्ही तिघींनी कोमट फडकं लावून त्याला सोडवला. तेव्हापासून तो आमच्याशी फार अदबीनं बोलतो, म्हणजे बोलतच नाही.

"बाई, तुम्ही?" साहेब म्हणाले. "फॉर्म भरता येईल ना?"

"तुम्हाला वाचता आला तर मला भरता येईल," मी म्हटलं.

आता एक शब्द सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्याचाच आहे. फ्रीजरमधून काढलेली लादी दगड असते. मग थंडाव्यातच ती हळूहळू सैल होते, आणि अशी एक वेळ येते, की कडेचा एखादा स्कॅलॉप अंगठ्यानं ढकलला तर जागचा हलतो, पण त्याच्या पोटात अजून बर्फाचा खडा लागतो. आम्ही म्हणतो, 'सुटले.' त्याच्या आधी ओढलात तर फाटतात. नंतर ओढलात तर लिबलिबीत होतात, आणि मग परत गोठवणं म्हणजे मढ्याला पावडर लावणं. सुटले म्हणजे वितळले नव्हे. ही वेळ घड्याळात नसते, अंगठ्यात असते. हॉलमध्ये कुणीतरी एकीनं "सुटले!" म्हणून ओरडायचं आणि बाराजणींचे हात एकदम चालू. गेली दहा वर्षं ओरडणारी मी आहे. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी थर्माकोलचा डबा घेऊन घरी आले. सासूबाईंनी झाकण उचललं.

"मेणबत्त्या?"

"खायचं असतं ते, आई."

"कुणी?"

तेवढ्यात मोठे दीर आले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहेत आणि वर्ग म्हणून आम्ही उरलोय. त्यांनी चष्मा पुसला, लादी उचलली आणि लेबलवर बोट ठेवून वाचलं.

"पुन्हा गोठवू नये."

"माहिती आहे, भाऊजी."

"नये! 'शक्यतो टाळावे' असं लिहिलेलं नाही. नये म्हणजे नये."

"भाऊजी, ते लेबल मीच चिकटवते. रोज सहाशे."

"चिकटवणाऱ्यानं वाचलेलंच असतं असं नाही."

लादी मी परत हातात घेतली होती, दोन किलोची. घातली नाही डोक्यात, याची कुणी कुठे नोंद घेत नाही.

मी त्यांना समजावलं. ते वाक्य दुपारभर ओट्यावर पाकीट विसरणाऱ्यांसाठी आहे. माल उबेला आला की त्यात जंतूंचं लग्न लागतं, मग गोठवून ते मोडत नाही. पण फ्रिजच्या गारव्यातच सोडवला, पोटात बर्फ असतानाच वेगळा केला आणि लगेच परत गोठवला, तर काही होत नाही. थोडं पाणी जातं, थोडा लुसलुशीतपणा जातो. आम्ही टेबलावर दुसरं काय करतो?

"याला काही आधार? पुस्तक?"

"अंगठा."

मास्तर सासूबाईंकडे बघून हसले. ते हसणं मी ओळखते. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीनं चुकून बरोबर उत्तर दिलं, की मास्तर लोक असं हसतात.

मग फ्रिज रिकामा केला. आमचा फ्रिज म्हणजे घराचा माळा. खालच्या कप्प्यात सासूबाईंचे डोळ्यांत घालायचे थेंब, कालची भाजी, परवाची भाजी, आणि कुणीच कबूल न केलेली भाजी. वर फ्रीजरमध्ये बर्फाचे साचे, नवऱ्याच्या गुडघ्यावर लावायचा गोठवलेला टॉवेल आणि मास्तरांचे अठरा सेल. टॉर्चचे सेल थंडीत जास्त टिकतात असा त्यांचा सिद्धांत. टॉर्च नाही आमच्याकडे.

"सेल कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"आधाराला पुस्तक शोधा आणि त्यात ठेवा," मी म्हटलं. नवरा पाणी पिता पिता ठसकला.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक आहे. बोलतो कमी आणि भांडणात पडत नाही. म्हणतो, दिवसभर दोन मजल्यांच्या मधेच तर असतो. शनिवारी त्याला सुट्टी आणि माझी चारपर्यंत पाळी, म्हणून लादी त्याच्या ताब्यात दिली. खोल ट्रे, त्यात जाळी, जाळीवर लादी, म्हणजे सुटलेलं पाणी खाली. रात्रभर आणि दुपारपर्यंत.

"फ्रिज सारखा उघडायचा नाही," सकाळी निघताना मी बजावलं. "बारा वाजता एकदा आणि दोन वाजता एकदा. कडेचा एक अंगठ्यानं ढकलून बघायचा. हलला तर सुटले. सुटले की फोन करा."

"कुठे? तुझा फोन तर आत नेऊ देत नाहीत."

"गेटवर. वॉचमन निरोप देतो."

सासूबाई दारातून हे सगळं ऐकत होत्या. "आणि नाही सुटले तर?"

"तर तोवर हात लावायचा नाही, आई."

आता शनिवार ऐका.

अकराच्या सुमारास हॉलच्या दारात वॉचमन आला. निरोप वहीत लिहून आणतो आणि कोर्टात पुकारल्यासारखा वाचतो. "तुमच्या मिस्टरांचा फोन. कामावर बोलावलंय. लिफ्टमध्ये तिघं अडकलेत. जातोय."

मी हातातली लादी तशीच खाली ठेवली. तिघांसाठी नाही, खोटं कशाला बोलू. घरी आता मास्तर आणि सासूबाई. लादीकडे कोण बघणार?

"त्यांना फोन लावा," मी म्हटलं, "आणि सांगा, सुटले की फोन करा."

वॉचमननं लिहून घेतलं. मी म्हणत होते ते असं, की जा बाबा, पण घरी विचारत राहा आणि स्कॅलॉप सुटले की मला कळव. नवऱ्यानं ऐकलं ते असं, की एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला आपल्या कामाची काळजी वाटली. नंतर म्हणाला, "मला जरा भरूनच आलं होतं."

एक वाजता वॉचमन परत. वही उघडली. "मिस्टरांचा निरोप. सुटले. सगळे सुटले. एकदम व्यवस्थित."

मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या टेबलावरच्या, जिला आम्ही जाडीच म्हणतो, तिनं विचारलं, "काय गं, लॉटरी?"

"सुटले घरचे!"

"नशीबवान आहेस. माझे अजून घरीच आहेत."

एक वाजता म्हणजे जरा लवकरच झालं होतं, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. पण खुर्ची दिसायला लागली की माणसाचा अंगठा बधिर होतो. पुढाऱ्यांना उगाच हसतो आपण. मी वॉचमनला शब्द न् शब्द सांगितला: "लगेच सगळ्यांना कोरड्या फडक्यानं टिपायचं. एकमेकांना न लागता ताटात मांडायचं. आणि फ्रीजरमध्ये टाकायचं."

वॉचमननं लिहिलं, वाचून दाखवलं, गेला.

साडेचारला घरी पोचले. स्वयंपाकघरात फ्रिजच्या दाराला पाठ लावून, पाटावर मांडी घालून सासूबाई बसल्या होत्या. हातात लाटणं. समोर मास्तर, बाह्या वर केलेले. मधे जमिनीवर टब, त्यात पाणी, त्यातून वाफ. नवरा कोपऱ्यात उभा होता, दोन मजल्यांच्या मधे.

"आली का," सासूबाई म्हणाल्या. "आता विचार यांना."

"सुटले होते ना?" मी नवऱ्याकडे बघितलं.

"सुटले की! तिघंही. एक बाई, एक शिंपी आणि एक वकील. तो वकील तर माझ्यावरच केस करतो म्हणत होता."

मी खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच.

"अहो, मी स्कॅलॉप विचारत होते."

"ते मला नंतर कळलं गं. वॉचमननं वाचून दाखवलं ना, टिपा, एकमेकांना न लागता मांडा, फ्रीजरमध्ये टाका. मी त्या तिघांकडे बघितलं. म्हटलं, बाई तयार होईल एखादवेळ, वकिलाला कसं मांडू? मग उजेड पडला, की हे घरचं आहे. म्हणून दादाला फोन केला, की तिचा हुकूम आलाय."

"आणि मी हुकूम पाळला," मास्तर म्हणाले. "माझं तात्त्विक मत वेगळं असूनही. हुकूम होता वेगळे करून मांडा. वस्तू वेगळ्या होत नव्हत्या. मग वेगळं करण्याचा शास्त्रीय मार्ग कोणता? उष्णता."

"गरम पाणी?"

"कोमट. नियंत्रित. फक्त एक कोपरा बुडवला होता."

"नियंत्रित म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "टबातून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, अरे, ती म्हणाली सुटले की. मी स्वतः ढकलून बघितला, हलत नाही. म्हणजे सुटले नाहीत. सुटले नाहीत तर हात लावायचा नाही, एवढं ती सरळ बोलली. हा म्हणतो, आई, तुला कळत नाही, नंतरचा हुकूम आधीच्याला रद्द करतो. मग ओढून घेतली मी लादी, आत ठेवली आणि बसले इथे. तीन तास झाले. पायाला मुंग्या आल्यात. आता उठव मला."

सासूबाईंचं आणि माझं काय आहे ते सगळ्या आळीला ठाऊक आहे. मी त्यांना उठवलं.

"तोंडाची फाटकी आहेस," त्या पदर झटकत म्हणाल्या, "पण अंगठ्याचं तुला कळतं."

एवढं कौतुक या घरात माझं कुणी केलं नव्हतं, आणि तेही लाटणं हातात घेऊन.

फ्रिज उघडला. लादी जाळीवर होती. कडेचा एक ढकलला. हलला. पोटात खडा. आत्ता, या क्षणी सुटले होते. पण डावीकडचा कोपरा शिजल्यासारखा दुधट झाला होता, बोट लावलं तर आत जात होतं. तीनशे ग्रॅम तरी असेल.

नवरा कानाशी आला. "पाकिटांच्या मधे मधे घाल ना. वरून कुणाला कळतंय?"

खोटं बोलत नाही, एक क्षण मीही तोच विचार केला. सात पाकिटं तरी भरली असती. लॅबवाली मॅडम सगळी थोडीच फोडणार होती? पण मग माझ्यात आणि पाकिटावर वाटेल ते छापणाऱ्यात फरक काय राहिला? आणि नेमकं तेच पाकीट फुटलं असतं. गरिबाचं नेहमी तेच पाकीट फुटतं.

कोपरा तोडून फेकला. मास्तर बघत राहिले.

"बघताय काय सगळे? हात धुवा!" मी ओरडले. "सुटले!"

आणि काय सांगू, घर चाललं. मी वेगळे करतेय, सासूबाई स्वच्छ धुतलेल्या पंच्यानं टिपतायत, नवरा ताटात मांडतोय. मेकॅनिकचा हात, दोन स्कॅलॉपांच्या मधे बोटभर अंतर, जसं मोजपट्टीनं घेतलेलं. ट्रे फ्रीजरमध्ये मावत नव्हता, म्हणून जेवायची चार ताटं घेतली. एकावर एक ठेवायची तर खालचे चेपतील. प्रत्येक ताटात तीन वाट्या उपड्या घातल्या खांब म्हणून आणि वर पुढचं ताट. चारमजली इमारत झाली.

"लिफ्ट बसवू का?" नवरा म्हणाला. तो विनोद करतो तेव्हा समजावं, घरात भांडण संपलंय.

रविवारी सकाळी सगळे खडे झाले होते. ताटावर आपटले तर गोट्यांसारखे वाजत होते, सुटे सुटे. आता पाव किलोच्या पिशव्या. पण पिशवीत हवा राहिली की मालाला बर्फाचे काटे येतात, आणि हवा काढायचं यंत्र घरी कुणाकडे असतं? मी हातानं दाबत होते, तोंड मिटेपर्यंत हवा परत आत.

मास्तर दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला. "मी काही सुचवू का? गार पाण्याबद्दल आहे."

"बोला."

"पिशवीचं तोंड उघडं वर ठेवायचं आणि पिशवी हळूहळू पाण्यात सोडायची. पाणी चारी बाजूंनी दाबतं, हवा आपोआप वर निघून जाते. मग तोंड बंद."

केलं. पिशवी मालाला अंगाबरोबर चिकटली. कारखान्यातल्या यंत्रापेक्षा बरी.

"हे पस्तीस वर्षांत एकदा तरी उपयोगी पडलं होतं का हो, भाऊजी?"

"आज पहिल्यांदा," मास्तर म्हणाले आणि पुढच्या पाचही पिशव्या त्यांनीच बुडवल्या. अंगठे सुरकुतले तरी उठले नाहीत.

सहा पाकिटं झाली. कागदावर आठ व्हायला हवी होती. रात्रीच्या जेवणाआधी फॉर्म घेऊन बसले. 'फ्रिजमध्ये ठेवलेला वेळ': बावीस तास. 'सुटलेलं पाणी': दोनशे ग्रॅम, ट्रेमधलं मापून घेतलं होतं. 'वाया गेलेला माल': तीनशे ग्रॅम. 'कारण'. इथे थांबले. मग लिहिलं: 'दीर.' वर नव्या सूचनांसाठी चार ओळी जागा होती. त्यात लिहिलं: 'लादी फ्रिजमध्येच सोडवावी, ओट्यावर नाही. हात लावून हलतील तेव्हाच वेगळे करावेत, कुणी सांगितलं म्हणून नाही. गरम पाणी लावू नये. घरात एका माणसालाच विचारावं.'

सोमवारी लॅब. टेबलापलीकडे साहेब आणि लॅबवाली मॅडम. ही मॅडम बारीक आवाजाची, पण तिच्या बशीत जंतू उगवले की साहेबांचा आवाज तिच्याहून बारीक होतो. टायवाल्यानं आठ पाकिटं मांडली. देखणी होती, नाकारत नाही. सपाट, चकचकीत, काठ सरळ. फॉर्मवर सगळीकडे एकच शब्द: पाणी, नगण्य. वाया, नगण्य. अडचणी, नगण्य.

माझी सहा, हातानं बांधलेली, त्यांच्याशेजारी चाळीतल्या पोरांसारखी दिसत होती.

"फरक दिसतोय," साहेब म्हणाले.

मॅडमनं टायवाल्याचं पाकीट उचललं, उजेडात धरलं, उलटं केलं. "हे घरी बंद केलंत?"

"हो, मॅडम. स्वयंपाकघरात."

"काठावर छाप आहे. पाळी तीन, यंत्र चार."

आमची पाकीट बंद करायची यंत्रं काठावर आपोआप छाप मारतात. अक्षरं मुंगीएवढी. आम्हाला एकोणीस वर्षांत पाठ झालीत. डिप्लोमात ती नसावीत.

टायवाला टायला हात लावून उभा राहिला.

"तुमच्या घरी चौथं यंत्र आहे?" मी विचारलं. "मग पहिली तीन कुठे ठेवलीत? बेडरूममध्ये?"

मॅडमनं खोकल्यासारखं केलं. साहेबांनी ती आठ पाकिटं बाजूला सारली आणि माझा फॉर्म ओढला. वाचता वाचता भुवया चढत गेल्या.

"कारण, दीर?"

"खरं ते लिहिलंय."

"बरं, ते राहू दे. पण हे दोनशे ग्रॅम पाणी? दोन किलोला? आपल्या मालाला इतकं पाणी सुटत नाही."

"सुटतं, साहेब. आपण पाजतो ना."

गोठवायच्या आधी स्कॅलॉप टाकीत भिजवतात, पाणी पिऊन फुगेपर्यंत. ती टाकी सगळ्यांनी बघितलीय आणि कुणीच बघितलेली नाही. पाणी माशाच्या भावानं विकलं जातं.

साहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. आवाज मऊ केला. "बाई, काम चांगलं केलंयत. मुकादम तुम्हीच. फक्त इथे 'नगण्य' करा. एक शब्द आहे."

खरं सांगते, माझे गुडघे म्हणाले, लिही. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी पेन उचललं. मग डोळ्यांपुढे एक बाई आली, कुठलीही, आपल्या फ्रिजपुढे उभी. तिच्या ट्रेमध्ये दोनशे ग्रॅम पाणी आणि पाकिटावर छापलंय 'नगण्य'. तिचा मास्तर तिला म्हणतोय, तुझंच काहीतरी चुकलं, छापलेलं खोटं असतं का?

पेन खाली ठेवलं.

"नाही करत. मापून घेतलंय. काढायचं तर काढून टाका मला."

"तुम्ही नाही केलंत तर मला दुसरा फॉर्म घ्यावा लागेल."

"कुठला?" मॅडमनं बारीक आवाजात विचारलं. "तिसऱ्या पाळीचा? तो मी सही करून पुढे पाठवू शकत नाही, सर. आणि छपाईला मजकूर बुधवारी जायचाय."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आठ देखण्या पाकिटांकडे. माझी दोन पाकिटं मॅडमनं तेवढ्यात फोडली होती. वास घेतला, बोटानं दाबलं, नमुना बशीत घेतला. "छान राहिलेत," म्हणाली. "बशी दोन दिवसांनी सांगेल, पण अंगठा सांगतोय." मी तिच्याकडे बघतच राहिले. शिकलेल्या बाईला अंगठा आहे हे मला माहीत नव्हतं.

बशीनं बुधवारी तेच सांगितलं. पाकिटावर शेवटी छापलं, 'सोडवताना पाणी सुटेल. ते ओतून द्यावे.' किती ते नाही छापलं. दिराचा उल्लेख गाळला. टाकी आहे तिथेच आहे. तिच्याशी माझं भांडण अजून व्हायचंय. पण ती एक ओळ माझी आहे. आता कुठल्याही बाईला तिच्या घरात कुणी म्हणू शकणार नाही, की पाणी तुझ्यामुळे सुटलं.

आणि मला नेमलं. तीन महिन्यांसाठी तात्पुरती, बघू पुढे, असं म्हणत. गुरुवारी सकाळी नव्या विभागात गेले. टेबल, बर्फ, अकराजणी उभ्या, आणि टोकाला खुर्ची.

मी बसले. अहाहा. पाठीपासून टाचेपर्यंत एकेक हाड मला धन्यवाद देत होतं. दहा मिनिटं बसले. माझ्याबरोबर इकडे आलेली जाडी लादीवर वाकली होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. मी एकोणीस वर्षं तेच केलं, पण ते दिसतं कसं हे कधी बघितलं नव्हतं, कारण त्यासाठी बसावं लागतं.

वॉचमनला हाक मारली. वही घेऊन आला.

"लिहा. मॅनेजरसाहेबांना निरोप. अकरा स्टुलं हवीत. उंच, पाय टेकवायला आडवी दांडी असलेली."

अर्ध्या तासात साहेब स्वतः आले. "हे काय, बाई? बर्फाच्या टेबलावर बसून काम होत नाही."

"कुणी करून बघितलंय?"

"तशी पद्धत नाही. आणि तुम्ही आता मुकादम आहात. तुम्ही आमच्या बाजूनं बोलायचं."

"साहेब, आधी तुम्हीही बसा, असं म्हटलं असतं, पण खुर्ची एकच आहे."

"तुम्ही निदान उठून तरी बोला माझ्याशी!"

उठले नाही. मी काही उभी राहून निषेध करणारी बाई नाही. एकोणीस वर्षं उभी राहिले, तेवढा निषेध पुरे झाला. आता मी बसून भांडते, आणि बसलेल्या माणसाला घाई नसते.